शिरस्त्राणातले त्राण

'त्राण' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी सुखाने नांदतात. एक अर्थ रक्षणाचा. 'पदत्राण', 'शिरस्त्राण' हे शब्द त्यातून आले. दुसरा अर्थ बळाचा. दिवसभर रानात राबून आलेला माणूस 'अंगात त्राण उरलं नाही' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात हा दुसरा अर्थ असतो. शिरस्त्राण विकत घेताना आपण पहिल्या अर्थापाशी थांबतो. डोक्याचे रक्षण करणारी वस्तू घरात आली, विषय संपला. परंतु रक्षण करणाऱ्याच्या स्वतःच्या अंगात त्राण उरले आहे की नाही, हा प्रश्न पाच-सात वर्षांनी विचारावा लागतो आणि तो सहसा कोणी विचारत नाही. आमच्या या टिपणाचा विषय तेवढाच आहे: जुने झालेले हेल्मेट केव्हा बदलावे?

वाङ्मयाच्या चर्चेत रमणाऱ्या मंडळींना हा विषय किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. तथापि बार्शीसारख्या गावातल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या दारात सकाळी दहा वाजता उभे राहावे. वैराग, पांगरी, परंडा अशा दिशांनी विद्यार्थी आणि प्राध्यापक दुचाकीवरूनच येतात. आम्हीही गेली अनेक वर्षे असेच जात-येत आहोत. ज्या डोक्यात आपण कविता आणि समीक्षा साठवतो, ते डोके रोज तासभर एका प्लास्टिकच्या टोपाच्या भरवशावर असते. त्या भरवशाची चिकित्सा करणे हे वाचकाच्या धर्मात बसते, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक कबुली. २०१९ च्या पावसाळ्यात वैरागहून परतताना, डांबरावर पसरलेल्या खडीवरून आमच्या गाडीचे चाक घसरले. वेग फार नव्हता. कोपर सोलवटले, आणि हेल्मेट रस्त्याच्या कडेला आपटले. घरी आल्यावर पाहिले तर त्याच्यावर एक लांबट ओरखडा, बाकी काही नाही. 'हेल्मेटमुळे वाचलो' हे वाक्य आम्ही पुढचे आठ दिवस भेटेल त्याला ऐकवले. काही महिन्यांनी स्वतःसाठी नवे हेल्मेट घेतले. जुने टाकवेना. ज्याने आपला जीव राखला ते कचऱ्यात कसे टाकायचे? ते पत्नीसाठी ठेवले. ती रोज थोडीच गाडीवर बसते, मागेच तर बसायचे असते, असा आमचा हिशेब. 'अहो, हे ढिलं झालंय बघा, वाऱ्यानं मागं सरकतंय,' असे ती दोन-तीनदा म्हणालीही. आम्ही पट्टा आवळून दिला. पुढे एका उन्हाळ्यात तिने आतले अस्तर धुवायला काढले, तेव्हा खालच्या थर्माकोलला बोटभर लांबीची चीर आणि तिच्याभोवती दबलेला खळगा दिसला. ओरखड्याच्या बरोबर मागे. सुमारे तीन वर्षे आम्ही तिला एक खर्ची पडलेली वस्तू घालून सोलापूरच्या रस्त्याने फिरवत होतो. सोलापूर येथून सुमारे सत्तर किलोमीटर आहे.

या चुकीत अज्ञान होते, पण केवळ अज्ञान नव्हते. वस्तूंकडे पाहण्याची आपली एक रीत त्यात होती. ती समजून घेण्यासाठी हेल्मेट काम कसे करते हे आधी पाहिले पाहिजे.

आपण समजतो की बाहेरचे कठीण कवच आपल्याला वाचवते. कवच महत्त्वाचे आहेच. ते टोकदार वस्तू आत शिरू देत नाही आणि आघात मोठ्या क्षेत्रावर पसरवते. परंतु डोके थांबवण्याचे खरे काम आतला थर्माकोलसारखा थर करतो. डोके जमिनीवर आदळते तेव्हा ते क्षणार्धात थांबते, आणि मेंदूला इजा होते ती त्या एकाएकी थांबण्याने. मधला थर चिरडत जातो आणि थांबण्याचे ते अंतर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने वाढवतो. एवढ्याशा अवधीवर जगणे-मरणे ठरते. पण चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही. कवच मात्र लवचीक असल्याने पूर्वस्थितीला येते आणि आत काय घडले ते झाकून टाकते. म्हणजे हेल्मेट एकदाच लढते. त्याची कसोटी आणि त्याचा अंत एकाच क्षणी होतो, आणि अंत झाल्यानंतरही ते खुंटीवर पूर्वीसारखेच दिसत राहते.

बाजारात माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो. तडा असेल तर बद्द आवाज येतो. हेल्मेटला असा आवाज नाही. म्हणून ते पाहून कळत नाही, त्याचा इतिहास ठाऊक असावा लागतो.

हेल्मेटविषयीचे प्रश्न जगाला टप्प्याटप्प्याने सुचले आहेत. साहित्याच्या अभ्यासकांना टी. ई. लॉरेन्स हे नाव परिचित असते. 'सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम' लिहिणारा हा लेखक १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून जाताना, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवण्याच्या प्रयत्नात पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी तो वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. १९४१ साली त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर निबंध लिहिला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट बंधनकारक केले. सामान्य ब्रिटिश नागरिकांवर हे बंधन येण्यास १९७३ साल उजाडले. केर्न्स यांचा प्रश्न होता: डोक्यावर हेल्मेट आहे का?

दुसरा प्रश्न अमेरिकेत विचारला गेला. १९५६ साली पीट स्नेल नावाचा मोटार-शर्यतपटू अपघातात मेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते, पण ते त्याला राखू शकले नाही. त्याच्या स्नेह्यांनी १९५७ साली स्नेल प्रतिष्ठान स्थापन केले आणि हेल्मेटांच्या कठोर चाचण्या सुरू झाल्या. हेल्मेट आहे हे ठीक, पण ते कसे आहे, हा तो प्रश्न. आपल्याकडे भारतीय मानक ४१५१ आणि त्यावरची आय.एस.आय. खूण हे याच प्रश्नाचे उत्तर होय. १ जून २०२१ पासून ही खूण नसलेली दुचाकीची हेल्मेटे बनवण्यास व विकण्यास देशात मनाई आहे. तरीही ती रस्त्याकडेला मिळतात, ही गोष्ट वेगळी.

तिसरा प्रश्न काळाचा: चांगले होते, पण अजून चांगले आहे का? मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हेल्मेट घालायला सांगते, त्याच्या वयाविषयी ते मौन पाळते. आमच्या मते हा प्रश्न आपल्याकडे रुजला नाही, कारण पहिल्या प्रश्नावरच आपली सगळी शक्ती खर्च झाली.

महाराष्ट्रातील हेल्मेटविषयक चर्चेची शब्दकळा आठवून पाहा. तिच्यात हेल्मेटपेक्षा 'सक्ती' हा शब्द मोठा आहे. २०१६ साली तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही अशी घोषणा केली, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात पोलिसांनी कठोर अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा तिच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले. त्या विरोधातील काही मुद्दे विचारार्ह होते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु या वादाचा एक परिणाम असा झाला की हेल्मेट ही पोलिसाला दाखवायची वस्तू ठरली. चौकात पावती फाटू नये म्हणून जे घालायचे, ते लांबून दिसले की पुरे. त्याच्या आत काय आहे, ते किती वर्षांचे आहे, त्याची कडी नीट लागते का, हे प्रश्न मग उद्भवतच नाहीत. गाव ओलांडताच ते आरशाला किंवा कोपरात लटकते. ज्या वस्तूचा उपयोग दिसण्यापुरता, ती म्हातारी झाली काय आणि तरुण असली काय!

आपली आकडेवारीही पहिल्या प्रश्नापाशीच थांबते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील सुमारे ७५ हजार दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९, पैकी १४,३३७ मागे बसलेली. हे आकडे भयंकर आहेत आणि हेल्मेट घालावे की नाही हा वाद त्यांनी मिटायला हवा. २००८ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्षही स्पष्ट आहे. हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. आमचे म्हणणे इतकेच की या हिशेबात 'होते' आणि 'नव्हते' असे दोनच रकाने आहेत. 'होते, पण ढिले होते', 'होते, पण एकदा आपटलेले होते' असा रकाना नाही. आमच्या पत्नीला त्या तीन वर्षांत काही झाले असते, तर तिची नोंद हेल्मेट घातलेल्यांत झाली असती.

मग बदलावे केव्हा? सर्वत्र ऐकू येणारे उत्तर पाच वर्षांचे आहे. स्नेल प्रतिष्ठान ते सुचवते. काही उत्पादक वापर सुरू केल्यापासून पाच आणि निर्मितीपासून सात वर्षे सांगतात. या आकड्याविषयी शंका घेणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेणे न्याय्य ठरेल. ते म्हणतात, विकणाऱ्याने 'पुन्हा विकत घ्या' म्हटले तर त्यावर किती विश्वास ठेवायचा? वापरलेल्या सायकल-हेल्मेटांच्या प्रयोगशाळेतील चाचण्यांमध्ये थर्माकोलच्या केवळ वयाचा आघात शोषण्यावर फारच थोडा परिणाम दिसला आहे. म्हणजे पाचव्या वाढदिवशी सकाळी हेल्मेट निकामी होते असे मुळीच नाही. स्वतः स्नेल प्रतिष्ठानही या मुदतीला अनुभवावर आधारलेला अंदाजच मानते आणि तिचे कारण देते ते वापराचे: केसांचे तेल, घाम, सौंदर्यप्रसाधने, गोंद, रोजची झीज.

आम्हांला हे कारण अधिक पटते, आणि बार्शीत राहणाऱ्याला ते पटण्यास वेळ लागू नये. येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. हेल्मेट दिवसभर गाडीच्या आरशावर उन्हात टांगलेले असते. उन्हाने वरचे प्लास्टिक हळूहळू ठिसूळ होते. आरशाची कड आतल्या थराला एकाच जागी रोज दाबत राहते आणि तिथे खळी पडते. सकाळी डोक्याला लावलेले खोबरेल आणि दुपारचा घाम अस्तरात मुरतो, स्पंज बसतो, आणि टोप सैल होतो. डाग निघावा म्हणून आपण पेट्रोलचा बोळा फिरवतो, आवडत्या देवाचे चित्र चिकटवतो, मुलगा वरून रंगाचा फवारा मारतो. पेट्रोल, रॉकेल, थिनर ही द्रव्ये प्लास्टिक आणि थर्माकोल यांची वैरी आहेत. साबणाचे सौम्य पाणी पुरेसे असते, हे कोणी सांगत नाही. असे पाच उन्हाळे काढलेले हेल्मेट आणि थंड कपाटात ठेवून रविवारी वापरलेले हेल्मेट यांचे वय दिनदर्शिकेत सारखे असले तरी आयुष्य सारखे नाही.

म्हणून आमचे मत असे की हेल्मेटची जन्मतारीख पाहावी, पण निर्णय त्याच्या चरित्रावरून करावा. अपघातात डोक्यासह आपटले असेल, तर ते त्याच दिवशी बाद. तिथे ओरखडा किती मोठा हा प्रश्न गौण. रिकामे हेल्मेट हातातून निसटून जमिनीवर पडले तर एवढे घाबरण्याचे कारण नाही, कारण आतून थर चिरडणारे डोके तेव्हा त्यात नव्हते. तरी अस्तर काढून एकदा पाहून घ्यावे. पट्टा विरला, कडी सुटू लागली, कवचाला तडा गेला, थर्माकोल दबला वा कवचापासून सुटला, तर वय विचारू नये, ते बदलावे. पट्टा लावून मागच्या कडेला धरून पुढे ढकलले असता टोप डोक्यावरून निघून येत असेल, तर तो पडतानाही निघून जाईल. पुढची काच खरवडून रात्री समोरच्या दिव्यांचा झगमगाट होत असेल, तर काच तेवढी बदलता येते. आणि यांपैकी काहीच झाले नसेल, तर रोजच्या वापराला पाच वर्षे ही मर्यादा मान्य करावी. ती विज्ञानाने ओढलेली काटेकोर रेषा नाही हे आम्ही जाणतो. परंतु जी हानी दिसत नाही तिच्यासाठी कुठेतरी रेषा ओढावीच लागते. मोट चालत असे तेव्हा विरलेला नाडा तुटून मोट विहिरीत जाईपर्यंत शहाणा शेतकरी थांबत नसे. हजार रुपयांचे हेल्मेट पाच वर्षे वापरले तर दिवसाला पंचावन्न पैसे पडतात. हा आकडाही ज्याला जड आहे असे लोक आपल्यात आहेत, आणि त्यांना उपदेश करण्यापेक्षा गाडीसोबत मानक हेल्मेट देण्याचा जो नियम आधीच आहे तो पाळला जातो का, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

आता त्या रीतीविषयी, जिचा उल्लेख आम्ही वर केला. आपली संस्कृती वस्तू टाकत नाही, जिरवते. लुगड्याची गोधडी होते, गोधडीचे पोतेरे होते. थोरल्याचा सदरा धाकट्याला येतो. देवळाचा जीर्णोद्धार होतो, आणि आम्ही अध्यापक मंडळी जुन्या पोथ्यांवर जीव लावतो. 'जुने ते सोने' ही म्हण आम्हांला मनापासून मान्य आहे. मात्र हेल्मेट हे तिच्या बाहेरचे आहे. त्याला जीर्णोद्धार नाही. अस्तर नवे बसवता येते, काच नवी बसवता येते, पण चिरडलेला थर दुरुस्त होत नाही. आणि आपली ही काटकसर नेमकी कोणाच्या डोक्यावर जाऊन बसते ते पाहावे. नवे हेल्मेट चालवणाऱ्या पुरुषाला मिळते. जुने बायकोला, आईला, शिकायला बाहेरगावी निघालेल्या भाच्याला, शेतावरच्या गड्याला. देताना आपल्या मनात माया असते, आणि घेणाऱ्याला त्या टोपाचे चरित्र ठाऊक नसते. अपघातात मागे बसलेली व्यक्ती चालवणाऱ्यापेक्षा हळू आदळत नाही. आम्ही हे लिहीत आहोत ते मुख्यतः या एका गोष्टीसाठी.

बार्शीकरांना या विषयात एक जुना वारसाही आहे, आणि तो गावात फारसा आठवला जात नाही. १८९७ साली बार्शी रोड म्हणजे आजचे कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप. ती छोटी गाडी आता नाही, रुंद रूळ आले, आणि तिच्या आठवणीने हळवे होणारे लोक आमच्या ओळखीत पुष्कळ आहेत. परंतु याच कॅलथ्रॉप यांनी पुढे आयुष्याची बरीच वर्षे हवाई छत्रीच्या मागे घालवली. १९१० साली त्यांचे स्नेही चार्ल्स रोल्स विमान कोसळून मेले, तेव्हापासून विमानातून माणूस जिवंत खाली कसा येईल, हा त्यांचा ध्यास झाला. 'गार्डियन एंजल' या नावाची त्यांची छत्री तयार झाली. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवण्यासाठी ती वापरली गेली, पण लढणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांना ती नियमितपणे दिली गेली नाही. त्यामागे कारणे अनेक सांगितली जातात. वैमानिक विमान लवकर सोडून देतील ही भीती त्यांतली एक. जीव राखणारी वस्तू उपलब्ध असूनही ती न वापरण्याची कारणे माणसाला नेहमीच सापडतात, एवढे त्या हकिकतीतून आम्ही घेतो. रेल्वेचे इंजिन जुने झाले की ते जपून ठेवावे, त्यात शोभा आहे. हवाई छत्री आणि हेल्मेट जपून ठेवायची ती त्यांच्यात त्राण आहे तोवर.

आमच्या सहकाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना आमची विनंती मोठी नाही. आज घरी गेल्यावर हेल्मेटचे अस्तर काढावे. आतल्या चिठ्ठीवर महिना आणि वर्ष असेल तर ते वाचावे. बोटाने थर चाचपावा. नंतर घरात मागे बसणाऱ्यासाठी ठेवलेले दुसरे हेल्मेट असेल, तर ते आधी पाहावे.

आमचे ते ओरखड्याचे हेल्मेट पत्नीने स्वतःच बाद केले. भंगारवाल्याकडून ते आणखी कोणाच्या डोक्यावर जाऊ नये म्हणून देण्याआधी विळीवर त्याचा पट्टा कापला आणि थर्माकोल उचकटून काढला. आम्हांला क्षणभर वाईट वाटले, हे खरे आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे दुकानात गेलो आणि या वेळी आधी तिच्या मापाचे हेल्मेट घेतले.